डीपी सगळ्यांचा, ऑटो ज्याचा त्याचा

मा. संपादक साहेब,

स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत शेती आणि नवीन तंत्रज्ञान असं दोन पानं भरून आलं होतं, ड्रोनने फवारणी, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातला उसावरचा एआयचा प्रयोग, सॅटेलाईटवरून पिकाचा रंग बघायचा वगैरे. सगळं वाचलं, आवडलं पण, पोराला दाखवलं. तक्रार काही नाही. पण त्यात एक वाक्य होतं की शेतकरी नवीन गोष्ट पटकन स्वीकारत नाही, ते वाचून जरा थांबलो. म्हटलं हे लिहिणाऱ्याने आमच्या डीपीवर, म्हणजे मोटारींना लाईट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, कधी येऊन बघावं. आमच्याकडे अडचण उलटी झाली होती, सगळ्यांनी एकदम नवीन स्वीकारलं आणि त्याने डीपी जळाला. ते कसं ते सांगायला हे पत्र. लांबलं तर कापा, पण तक्त्याचा भाग तेवढा ठेवा.

मी शिरूर तालुक्यातला, घोड नदीच्या काठाला आमचा मळा. शहरातल्या वाचकांसाठी आधी हे सांगतो की शेतीची थ्री फेज लाईट चोवीस तास नसते, पाळीने असते. काही दिवस दिवसा आठ तास, मग काही दिवस रात्री. रात्रीची पाळी म्हणजे कांद्याला पाणी द्यायचं तर दहा-अकराला उठायचं, बॅटरी आणि काठी घ्यायची, पायात गमबूट, आणि विहिरीपर्यंत चालत जायचं. शिरूर, जुन्नर, आंबेगाव हा सगळा बिबट्याचा पट्टा, उसात मुक्कामाला असतो तो. साप वेगळाच. आणि नुसतं एकदा जाऊन भागत नाही, कारण स्टार्टरची रचनाच अशी की लाईट गेली की आतली कॉईल सुटते आणि मोटार बंद, लाईट परत आली तरी मोटार आपोआप चालू होत नाही, कोणीतरी जाऊन हिरवं बटण दाबावंच लागतं. लाईट रात्रीतून चार वेळा गेली तर चार हेलपाटे. आमच्या वडलांनी असे किती हेलपाटे घातले त्याला हिशेब नाही, थंडीत तर ते विहिरीवरच गोणपाट पांघरून बसायचे पण घरी यायचे नाहीत.

तर ह्याच्यावर पहिला उतारा आला तो ऑटो स्विच. साधी डबी, स्टार्टरला जोडायची, तिन्ही फेज आले की थोडा वेळ थांबून तीच कॉईल ओढते आणि मोटार चालू. लाईट आली की मोटार सुरू, आपण घरी झोपलेले. मग मोबाईल आला तसा मोबाईल स्टार्टर आला, त्याच्यात चक्क सिमकार्ड, फोन लावायचा, बटण दाबायचं, आतून बाई बोलते की मोटार चालू झाली आहे. विहिरीतलं पाणी संपलं तर करंट कमी झालेला त्याला कळतो आणि तो आपणहून मोटार बंद करतो, नाहीतर मोटार कोरडी फिरून जळायची. ह्या प्रकारातलं नॅनो गणेश नावाचं यंत्र पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी काढलं, रात्री-अपरात्री पंपावर चालत जाणारे त्यांचे आजोबा त्यांनी लहानपणी बघितलेले होते, त्यातून ते सुचलं. मला हे फार भारी वाटतं. इंजिनिअर तर पुष्कळ झाले, पण आजोबाची पायपीट डोक्यात ठेवून त्याच्यावर काहीतरी काढणारा एखादाच.

आमच्या घरात ह्या यंत्राने आणखी एक बदल केला जो मला आधी सुचला पण नव्हता. पूर्वी मोटार म्हणजे पुरुषाचं काम, रात्री मळ्यात बाईमाणूस कशाला जाईल. आता मिसेस भाकरी थापता थापता एका हाताने फोन लावते आणि मोटार चालू करते, पाण्याची पाळी तीच बघते, कुठल्या वाफ्याला कधी पाणी गेलं हे मला तिला विचारावं लागतं. सूनबाई तर मोटारीचं सिम ट्रूकॉलरवर "मोटारसाहेब" म्हणून सेव्ह करून बसलीय. गंमत म्हणजे ह्या मोटारसाहेबांना लोनच्या ऑफरचे फोन येतात, क्रेडिट कार्ड पाहिजे का म्हणून विचारतात. आणि रिचार्ज मारायचा राहिला की मोटारसाहेब मुके. म्हणजे आता माणसाचा, पोरांचा आणि मोटारीचा असा तीन प्रकारचा रिचार्ज आहे घरात, ह्याच्यावर कुठली कंपनी स्वस्त प्लॅन काढत नाही. असो.

आता खरी गोष्ट. आमचा डीपी शंभर केव्हीएचा (केव्हीए म्हणजे त्याची भार पेलायची ताकद). त्याच्यावर सतरा मोटारी, बहुतेक पाच एचपीच्या. कागदावर पाचच्या, आत काय भरलंय ते ज्याचं त्याला माहीत, पाटी तीनची आणि मोटार साडेसातची असा प्रकार आमच्याकडेच नाही सगळीकडे आहे, उगाच साळसूद व्हायला नको. पण आपण सगळ्या पाचच्या धरू. पाच एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपियर ओढते. सतरा गुणिले साडेसात म्हणजे एकशे सत्तावीस. आणि शंभरचा डीपी देतो फेजला साधारण एकशे तेहेतीस. म्हणजे घट्ट का होईना बसतंय, चप्पल एक नंबर लहान असल्यावर बसते तसं. पण मोटार उचलताना म्हणजे पहिले काही सेकंद तिला चालतानाच्या पाच-सहा पट करंट लागतो. एक मोटार पंचेचाळीस अँपियर. पूर्वी माणसं हाताने बटण दाबायची तेव्हा एक आत्ता यायचा, एक बिडी ओढून यायचा, एक रस्त्यात गप्पा मारत थांबायचा, म्हणून मोटारी मागेपुढे उचलायच्या. आळस म्हणा किंवा काही म्हणा, पण त्या आळसाने डीपी वाचत होता! ऑटो आल्यावर सतराच्या सतरा मोटारी लाईट आल्याबरोबर एकाच दमात उचलायला लागल्या. सतरा गुणिले पंचेचाळीस म्हणजे सातशेच्या वर. आणि डीपी एकशे तेहेतीसचा. एवढा करंट तर मिळतच नाही, होल्टेज पडतं, मग मोटारी धड उचलत पण नाहीत नुसत्या घुमत राहतात आणि घुमताना जास्तीचा करंट ओढतच राहतात.

अशा वेळेला खरं तर फ्यूज उडायला पाहिजे, फ्यूज त्याच्यासाठीच असतो. पण डीपीच्या पेटीत फ्यूज असतो कुठे. एकदा उडाला, दोनदा उडाला की तिसऱ्यांदा कोणीतरी वैतागून जाड तार गुंडाळतो, आणि मग जळायचं काम फ्यूजऐवजी डीपी करतो.

आमचा जळाला तो फेब्रुवारीत. उन्हाळ कांदा लागणीला दीड महिना झालेला, गहू ओंबीवर. पहाटे मोठा आवाज आला, ऑईल सगळं खाली सांडलेलं. पुढचं काय ते प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे. अर्ज, मग अमुक साहेब रजेवर, मग सगळ्यांनी आधी बिल भरा, मग डीपी शिल्लक नाही, मग आहे पण गाडी नाही, मग आम्हीच वर्गणी काढून ट्रॅक्टर घेऊन गेलो. बारा दिवस गेले. मी कोणाचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही. गव्हाचा दाणा बारीक पडला, कांदा निम्मा गेला. आणि दीड महिन्यात नवा आलेला डीपी पण जळाला. तेव्हा मात्र लोक एकमेकांच्या अंगावर गेले, तुझी मोटार मोठी, तुझा ऑटो आधी लागला, तूच तार गुंडाळली. एकाने तर सगळ्यांचे ऑटो उपटून फेकायचं काढलं होतं. वीजवाले पण नेहमी तेच सांगतात, ऑटो काढा, कपॅसिटर बसवा. कपॅसिटरचं बरोबर आहे, त्याने लाईनीवरून ओढला जाणारा करंट कमी होतो आणि डीपीवरचा भार उतरतो, आणि तो काही महाग नाही. पण ऑटो काढा म्हणणाऱ्या माणसाने एकदा रात्री एकला उसाच्या बांधाने चालून दाखवावं.

तर अशा भांडणात आमच्या भावकीतला एक पोरगा, आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेला, रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, तो म्हणाला की आमच्याकडे लाईट जाऊन आली की सगळ्या मशिनी एकदम नाही चालू करत, एकामागं एक करतात, ठरलेल्या क्रमाने. आणि तुमच्या ऑटोमध्ये टायमर आहेच की. खरंच होता. छोटं बटण, स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचं, लाईट आल्यावर किती सेकंदाने मोटार उचलायची ते त्याच्यावर ठरतं. सगळ्यांच्या डबीत ते कंपनीतून आलं तसंच एका जागेवर होतं, एकानेही हात लावलेला नव्हता. काही जुन्या डब्यांना नव्हतं त्यांनी वेगळा टायमर आणून बसवला. पोराने हिशेब केला, दोन मोटारीत वीस सेकंदाचं अंतर, म्हणजे पहिली उचलल्यापासून सतरावी तीनशे वीस सेकंदाने. साडेपाच मिनिटं पण नाहीत. आठ तासातली साडेपाच मिनिटं!

इथे गोष्ट संपायला पाहिजे होती पण आपली माणसं. पहिला नंबर कोणाचा ह्याच्यावर अडलं. साडेपाच मिनिटांसाठी नाही हो, मानासाठी. माझी मोटार तुझ्या मोटारीच्या मागे का. कोणी म्हणे वयाने, कोणी म्हणे जमिनीने, एक जण म्हणे डीपी माझ्या बांधावर आहे तर पहिला मी. दोन बैठका त्याच्यातच गेल्या. पोरगा वैतागला, म्हणाला चिठ्ठ्या टाका. शेवटी आमचे एक चुलते, शाळा चौथी, आयुष्य कॅनॉलच्या पाण्यासाठी भांडण्यात गेलेलं, ते म्हणाले अरे कॅनॉलला आवर्तन कसं सोडतात, टेलपासून. आधी शेवटच्या टोकाला पाणी, मग वर वर येत हेडला. कारण हेडवाल्याला कसं पण मिळतं, टेलवाला उपाशी राहतो. मग लाईटला पण तसंच करा, लाईनीच्या शेवटाला जो आहे त्याचा पहिला नंबर, आणि ज्याच्या बांधावर डीपी तो सतरावा.

पोरगा बघतच राहिला. म्हणाला नाना हे तर टेक्निकली पण बरोबर आहे, लांबच्या टोकाला होल्टेज आधीच कमी पोचतं, त्याची मोटार लाईन मोकळी असतानाच उचलली पाहिजे. आता चौथी शिकलेल्या माणसाला होल्टेज ड्रॉप कोणी शिकवला नव्हता, त्यांनी पाटाच्या पाण्यावरून उचललं. तुमच्या पुरवणीत इनोव्हेशन म्हणतात ते जर काही असेल तर मला वाटतं ते त्या दिवशी आमच्या पारावर झालं. मशीन तर आधीपासून होतीच सगळ्यांकडे, प्रत्येकाने आपापल्या पैशाने घेतलेली, प्रत्येकाचं आपापलं नीट चाललेलं. ती सतरा जणांची एकत्र कशी चालवायची ते कंपनीने दिलेल्या पुस्तकात नव्हतं.

मग तक्ता केला. वहीचं पान, आडवे रकाने, नाव, मोटारीचा खरा एचपी (हा रकाना भरताना फार मजा आली, दोघांनी डोळे खाली घालून साडेसात सांगितलं), टायमर किती सेकंद, कपॅसिटर आहे का. त्याची झेरॉक्स प्रत्येकाच्या पेटीत चिकटवली. फ्यूजला योग्य मापाची तार, ती जाड करायची नाही हे सगळ्यांनी मान्य केलं. त्याला आता दोन उन्हाळे झाले, डीपी तोच आहे. रात्री लाईट आली की बाहेर बाजेवर पडल्या पडल्या ऐकू येतं, लांबून पहिली मोटार उचलते, मग जरा जवळची, मग आणखी जवळची, असं करत करत डीपीपर्यंत येतं. मला तर आता त्याच्याशिवाय झोप लागत नाही.

आता थोडं मोठं बोलतो, वय झालंय तेवढी सूट द्या. हा आमचा शोध काही नवीन नाही हे नंतर लक्षात आलं. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम ह्या नद्यांवर फड पद्धत आहे, तीन-चारशे वर्षं जुनी. नदीला बंधारा, खालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, कोणत्या फडाला कधी पाणी ते ठरलेलं, आणि पाणी द्यायला पाटकरी वेगळा माणूस, शेतकऱ्याने स्वतः पाटाची दारं फोडायची नाहीत. बंधारा दगडाचा असतो तो दिसतो, त्याचा फोटो पुस्तकात येतो. पण बंधाऱ्यापेक्षा अवघड गोष्ट पाटकऱ्याचं ऐकायचं ही आहे. तसंच आमच्या पुणे जिल्ह्यातच, पुरंदरला नायगावला, 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. ते स्वतः इंजिनिअर, पुण्यात कारखाना असलेले. त्यांनी पंप बसवले, पाईप टाकले, ते कोणीही केलं असतं. पण नियम काय केला तर पाणी जमिनीवर नाही माणसावर, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनाला पण वाटा, आणि ऊस लावायचा नाही. ज्याची वीस एकर जमीन आहे त्याला हे पटवायला कुठला पंप लागला असेल सांगा.

आणि शेतकरी नवीन घेत नाही ह्याच्यावर एकच सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर केला तेव्हा लोक म्हणायचे लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. ही गोष्ट आपल्याकडे शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून सांगतात. मला नाही तसं वाटत. ज्याच्याकडे एकच जमीन आहे तो दुसऱ्याच्या रानात दोन वर्षं बघणारच. बघितलं, पटलं, मग लाकडी नांगर कुठे राहिला? ऑटोच्या वेळेला तर आम्ही दोन वर्षं पण थांबलो नाही.

आता सौर पंपाचं चाललंय, मागेल त्याला सौर कृषी पंप. दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला पाच, आणि जमिनीप्रमाणे तीन, पाच किंवा साडेसात एचपी. आमच्या सतरातले तिघं त्याच्यावर गेले. चांगलं आहे, खोटं का बोला, दिवसा पाणी, बिल नाही, बिबट्या नाही. ढग आले की बसून राहायचं आणि पॅनल पुसायचे एवढाच त्रास. त्यातला एक जण मला म्हणाला, दादा सुटलो एकदाचा त्या डीपीच्या आणि तुमच्या तक्त्याच्या कटकटीतून, आता मी आणि माझा सूर्य. मी हसलो पण मनात आलं डीपीतून सुटला, विहिरीतून कुठे सुटला. त्याच्या आणि माझ्या विहिरीत दोनशे फूट अंतर, खालचा झरा एकच. पूर्वी लाईट आठ तास म्हणून उपसा आठ तास, बिल यायचं म्हणून थोडा हात आखडता. आता ऊन आहे तोपर्यंत पंप चालूच, पाणी शेतात भरून रस्त्यावर आलं तरी चालूच, कारण बघायला कोणी जात नाही, फुकट आहे. मोबाईल स्टार्टरचा पण तोच तोटा आहे हे कबूल करतो, माणूस बांधावर उभा होता तेव्हा वाफा भरला की दारं मोडत होता, आता माणूस घरात आणि वाफा कधीचा फुटलेला. ह्या मार्चला आमच्या विहिरीने मागच्या वर्षीपेक्षा तीन आठवडे आधी तळ गाठला. पाऊस तर तसा कमी नव्हता. हिवरे बाजार आमच्यापासून काही फार लांब नाही, तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मग पीक ठरवतात, बोअरचं पाणी शेतीला नाही. आमच्या गावातून तिथे तीन वेळा सहल गेली. तिन्ही वेळा सगळे भारावून आले, आणि दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी गावात.

तर संपादक साहेब, मागणं असं आहे. एक, तुमच्या पुरवणीत नवीन मशीन आली की छापताच, त्याच्याबरोबर ती दहा जणांनी मिळून कशी वापरली, कुठे भांडण झालं, कसं मिटलं हे पण छापत जा, तुमच्या वार्ताहरांना सांगा, अशी गावं पुष्कळ निघतील. दोन, वीजवाल्यांपर्यंत हे पोचत असेल तर प्रत्येक डीपीवर एक पाटी लावा, हा डीपी इतक्या केव्हीएचा, ह्याच्यावर इतक्या मोटारी चालतात, एवढंच. आज डीपीवर फक्त कवटी काढलेली असते आणि खाली "धोका". तीन, ऑटो विकणाऱ्या दुकानदारांनी टायमरचं बटण कुठे आहे ते गिऱ्हाईकाला दाखवून द्यावं. आमच्या सतरा जणांत एकालाही ते दाखवलेलं नव्हतं, मी सगळ्यांना विचारलं.

विहिरींचा तक्ता करायचा म्हणून मागच्या अमावस्येला बैठक बोलावली होती. सौरवाले तिघंही आले नाहीत. चुलते म्हणाले पुढच्या अमावस्येला परत बोलवू, तेव्हा उन्हाळा चढलेला असेल, येतील.

मोटारींच्या तक्त्याचा फोटो सोबत जोडलाय, नावं खोडलीत. मधला डाग चहाचा आहे, आकडे बरोबर आहेत.

आपला नियमित वाचक,
नंबर नऊची मोटार, एकशे साठ सेकंद
ता. शिरूर, जि. पुणे